टेबलावरची लढाई, बरोबरीची थट्टा

लढाई हा शब्द आपल्या समाजाला नवा नाही. १९२७ साली महाडला चवदार तळ्याच्या पाण्यासाठी आपण लढलो, १९३० साली नाशिकला लढलो, पुढे नामांतरासाठी लढलो. या लढायांत डोकी फुटली, घरे जळाली, माणसे गेली. म्हणूनच कुणी ‘लढाईचा खेळ’ असे म्हटले की आपल्या कपाळावर आठी चढते. ज्यांनी खरे घाव सोसले त्यांना खोट्या लढाईचे कौतुक काय?

तरीही आज आम्ही वाचकांपुढे एका अशाच खेळाची हकीकत ठेवणार आहोत. इंग्लंडात आणि युरोप-अमेरिकेत एक छंद आहे. सुट्टीच्या दिवशी चांगली कर्तीसवरती माणसे एका मोठ्या टेबलाभोवती जमतात, जेमतेम इंचभर उंचीचे सैनिक मांडतात, टेप लावून अंतर मोजतात, फासे टाकतात, एकमेकांची यथेच्छ टिंगल करतात आणि शेवटी हात मिळवून चहा पितात. आमचे लक्ष वेधले ते सैनिकांपेक्षा त्या टिंगलीने. दोन माणसे चार-चार तास एकमेकांना टोचून बोलतात, तरी मैत्रीला ओरखडा उठत नाही. आणि आपल्याकडे कचेरीत, शाळेत, वस्तीत एखाद्याच्या एका ‘गमतीच्या’ वाक्याने माणूस जन्माचा दुखावतो. असे का होते? या प्रश्नाचे उत्तर त्या टेबलावर सापडते असे आमचे मत झाले आहे.

खेळ कसा असतो

या छंदाला मिनिएचर वॉरगेमिंग म्हणतात. बुद्धिबळासारखे यात घरे आखलेली नसतात. साधारण सहा फूट लांब व चार फूट रुंद टेबल असते. त्यावर थर्माकोलच्या टेकड्या, छोटी झाडे, निळी रंगवलेली नदी, पुठ्ठ्याची घरे. सैनिक पूर्वी शिशाचे असत, आता बहुधा प्लॅस्टिकचे असतात. ते बाजारातून बिनरंगाचे येतात आणि खेळाडू स्वतः बारीक कुंचल्याने एकेकाचा डगला, पट्टा, डोळे रंगवतो. एक सैन्य रंगवायला महिने लागतात. कित्येकांना खेळापेक्षा रंगवण्यातच अधिक गोडी असते.

आमच्यासारख्या जमाखर्च लिहिणाऱ्या माणसाला यात सर्वांत आवडली ती हिशेबाची पद्धत. प्रत्येक सैनिकाला, तोफेला, सेनापतीला ठरावीक गुण असतात. खेळापूर्वी दोघे ठरवतात, की समजा दोन हजार गुणांचे सैन्य आणायचे. मग कुणी थोडे पण बलवान योद्धे आणतो, कुणी स्वस्तातली भली मोठी फौज आणतो. सैन्य कसले आणावे हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण बेरीज मात्र दोघांचीही एकच. कागदावर लिहिलेली ती यादी प्रतिपक्षाला वाचायला देण्याची रीत आहे. म्हणजे अंदाजपत्रक समान आणि हिशेब उघडा. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी, पुढे तिचे काम आहे.

दरबारातून दिवाणखान्यात

युद्धाचा खेळ जगाला प्रथम भारतानेच दिला असे म्हटले तर वावगे होणार नाही. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ अशी चार अंगे असलेले चतुरंग इसवी सनाच्या सहाव्या शतकाच्या सुमारास आपल्याकडे खेळले जात होते. तेथून ते इराणात गेले, अरबांकडे शतरंज झाले आणि युरोपात जाऊन आजचे बुद्धिबळ झाले.

खऱ्या रणभूमीसारखा खेळ मात्र प्रशियात, म्हणजे आजच्या जर्मनीच्या मुलखात तयार झाला. १८१२ साली फॉन राइसविट्झ नावाच्या सरदाराने प्रशियाच्या राजाला असे एक टेबल करून दाखवले. त्याच्या तोफखान्यात अधिकारी असलेल्या मुलाने १८२४ साली नकाशावर खेळायचे नियम छापले. त्यात लाल आणि निळ्या अशा दोन बाजू, फासे आणि निवाडा देणारा पंच असे. सेनाप्रमुख म्यूफलिंग यांना तो इतका पटला की त्यांनी सैन्याला त्याची शिफारस केली. ‘क्रीगस्पील’ या नावाने तो ओळखला जातो. तो अधिकाऱ्यांच्या शिक्षणाचा भाग होता, हसण्याखिदळण्याचा नव्हे.

हा खेळ सामान्य घरात आणला तो इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी. १८९३ साली ब्रिटन नावाच्या इंग्रज कंपनीने शिशाचे पोकळ सैनिक ओतण्याची युक्ती काढली, त्यामुळे खेळण्यातले सैनिक स्वस्त झाले. वेल्स आणि त्यांचे मित्र ते जमिनीवर मांडत आणि स्प्रिंगच्या छोट्या तोफेतून लाकडी गोळी उडवून पाडत. १९१३ साली त्यांनी ‘लिटल वॉर्स’ नावाचे नियमांचे पुस्तक काढले. पुस्तकाच्या मुखपृष्ठावरच त्यांनी हा खेळ मुलांसाठी, आणि मुलांचे खेळ आवडणाऱ्या थोड्या हुशार मुलींसाठी आहे अशा अर्थाचे लिहून ठेवले. मुलींना शेपटासारखे मागे जोडण्याची ही वृत्ती आपल्या ओळखीची आहे. ती फक्त मनूचीच होती असे समजण्याचे कारण नाही.

पुढे १९६२ साली डोनाल्ड फेदरस्टोन यांनी ‘वॉर गेम्स’ हे पुस्तक लिहिले. हे गृहस्थ व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट, दुसऱ्या महायुद्धात रणगाडा दलात होते. त्यांच्या पुस्तकानंतर गावोगाव मंडळे निघाली. १९७५ साली लंडनमध्ये गेम्स वर्कशॉप ही कंपनी सुरू झाली. तिने १९८३ साली ‘वॉरहॅमर’ आणि १९८७ साली ‘वॉरहॅमर ४०,०००’ हे काल्पनिक जगातले युद्धखेळ काढले. आज तिचे मुख्यालय नॉटिंगहॅमला आहे आणि डिसेंबर २०२४ मध्ये ती लंडनच्या शेअर बाजारातील पहिल्या शंभर कंपन्यांच्या यादीत गेली. इंचभर सैनिकांचा धंदा एवढा मोठा झाला. अर्थात त्यामुळे हा छंद महागही झाला, हेही सांगितले पाहिजे.

डावपेच

नियमांची पुस्तके पुष्कळ आहेत. त्यांत १९९० साली फिल बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलेले ‘डी.बी.ए.’ हे अगदी छोटे आणि समजायला सोपे. त्यात प्रत्येकाकडे फक्त बारा तुकड्या. एक डाव साधारण तासाभरात संपतो. प्राचीन काळच्या अनेक देशांच्या सैन्यांच्या याद्या त्यात आहेत, आणि हत्ती, रथ व धनुर्धारी असलेले प्राचीन भारतीय सैन्यही आहे.

त्यातला पहिला डावपेच आपल्या माणसाला लगेच समजेल. प्रत्येक पाळीला एक फासा टाकायचा. जितके दान पडेल तितके आदेश. एक पडला तर एकच आदेश. पण एका रांगेत खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या पाच-सहा तुकड्या एकाच आदेशात पुढे सरकतात. त्याच तुकड्या विखुरलेल्या असतील तर प्रत्येकीला वेगळा आदेश लागतो. म्हणजे नशिबाने एकाचे दान पडले तरी संघटित सैन्य पुढे जाते आणि सहाचे दान पडूनही विस्कळीत सैन्य जागीच घुटमळते. बाबासाहेबांनी दिलेला ‘संघटित व्हा’ हा मंत्र तो खेळ फाशांनी सिद्ध करून दाखवतो. आपल्या चळवळीचे गट-तट मोजताना आम्हाला हा नियम वारंवार आठवतो.

दुसरा डावपेच बगलेचा. समोरासमोर झुंजताना दोघेही फासा टाकून आपापल्या तुकडीचे बळ त्यात मिळवतात. ज्याची बेरीज कमी तो मागे ढकलला जातो, आणि समोरच्याची बेरीज दुपटीने अधिक झाली तर बहुधा नष्टच होतो. मात्र एखाद्या तुकडीच्या बगलेला शत्रू भिडलेला असेल, तर तिला नुसते मागे हटण्याची सोयही उरत नाही, ती हटायच्या जागी नष्ट होते. म्हणून जाणता खेळाडू रांगेचे टोक नदीला, टेकडीला किंवा झाडीला टेकवून ठेवतो.

तिसरा डावपेच माणूस ओळखण्याचा. हत्ती घोडदळाला उधळून लावतो, पण भाले फेकून पळणाऱ्या हलक्या पायदळापुढे तो हतबल होतो. तेच हलके पायदळ उघड्या मैदानात घोडदळाला सापडले तर संपले, आणि झाडीत शिरले तर भारी. जगात नुसता ‘श्रेष्ठ’ सैनिक कोणीच नाही. कोण कुठे, कुणासमोर उभा आहे यावर सारे ठरते. जन्माने श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवणाऱ्यांनी हा खेळ अवश्य खेळून पाहावा.

चौथा डावपेच राखीव तुकडीचा. नवशिका आपले सगळे सैन्य पहिल्याच धडकेत घालतो. अनुभवी माणूस दोन तुकड्या मागे ठेवतो आणि जिथे रांग फाटेल तिथे घालतो. राखीव तुकडी दुबळी म्हणून मागे ठेवलेली नसते. आजवर जिला मैदानात येऊ दिले नाही आणि जिच्यावाचून मैदान राखता येत नाही, ती राखीव. ‘राखीव’ या शब्दावर नाक मुरडणाऱ्यांनी युद्धशास्त्रातला त्याचा अर्थ पाहून घ्यावा.

फाशांचे गणितही मजेचे आहे. ‘वॉरहॅमर ४०,०००’ मध्ये गोळी आधी लागावी लागते, मग तिने जखम व्हावी लागते, मग समोरच्याचे चिलखत फुटावे लागते. समजा बारा फासे टाकले आणि चार किंवा अधिक पडले तर गोळी लागते, तर सरासरीने सहा लागतात. पुन्हा चार किंवा अधिक हवे, तर तीन जखमा होतात. समोरचा पाच किंवा सहा पडला तर वाचतो, म्हणजे तिघांतला एक वाचतो. बारा गोळ्यांचे दोन बळी! आमच्या पगाराच्या चिठ्ठीसारखेच हे आहे. वरचा आकडा पाहून छाती फुगते आणि भविष्य निर्वाह निधी, व्यवसाय कर, पतपेढीचा हप्ता वजा होऊन हाती काय येते ते खालच्या ओळीत कळते. जो खेळाडू वरच्या आकड्यावर विसंबून चाल करतो तो हरतो. संसाराचेही तेच.

टोमणे आणि चिमटे

आता मुख्य गोष्टीकडे वळू. या मंडळींच्या थट्टेचे काही ठरलेले विषय आहेत. महिनाभर खपून रंगवलेली नवी तुकडी पहिल्याच लढाईत सर्वांत आधी मरते, हा तर या छंदातला जगप्रसिद्ध विनोद. कुणी बिनरंगाचे करडे सैन्य मांडले की त्याला रंगाच्या डब्यावरून चिडवतात. विकत घेऊन न रंगवलेल्या सैनिकांच्या ढिगाला ‘शिशाचा डोंगर’ म्हणतात आणि तो डोंगर बायकोपासून कुठे लपवला आहे याची चौकशी होते. वाईट दान देणाऱ्या फाशांना ‘तुरुंगात’ टाकतात, म्हणजे एका वाटीत बाजूला ठेवून त्यांच्याकडे रागाने पाहतात. ‘एकच पडला तर चुकेल, नाही तर जिंकलोच’ असे कुणी बोलला की सगळे श्वास रोखतात, आणि हमखास एक पडतो. नियमाच्या एका शब्दावर अर्धा तास वाद घालणाऱ्याला ‘नियमांचा वकील’ ही पदवी मिळते. स्पर्धेत शेवटून पहिला येणाऱ्याला कधी कधी लाकडी चमचा बक्षीस देतात आणि तोही तो हसत उंचावून दाखवतो.

थट्टा हाही डावपेचाचा एक भाग असतो. ‘तिकडे येऊ नकोस बाबा, तिकडे मी फार अशक्त आहे’ असे म्हणून समोरच्याला बुचकळ्यात पाडायचे. तो खरे मानतो की खोटे, यावर अर्धी लढाई. पण याला एक लक्ष्मणरेषा नव्हे, चांगली टेपने मोजलेली सीमा आहे. आपल्या मनातल्या बेताबद्दल चकवा देता येतो. आपल्या सैन्याचे बळ, अंतर, नियम यांबद्दल खोटे बोलता येत नाही. विचारले तर खरेच सांगावे लागते. फासा वाकडा पडला, पुस्तकाला टेकून राहिला, तर तो पुन्हा टाकायचा. वाद मिटेना तर एक फासा टाकून निकाल लावायचा, खेळ पुढे चालवायचा आणि पुस्तक नंतर पाहायचे. चांगला खेळाडू तर प्रतिस्पर्ध्याला आठवण करून देतो, की तुझी तोफ डागायची राहिली. पुष्कळ स्पर्धांत सर्वांत खिलाडू वृत्तीच्या खेळाडूला वेगळे बक्षीस असते आणि ते प्रतिस्पर्ध्यांच्या मतांवर ठरते.

या थट्टेचे नियम कुठल्या पुस्तकात छापलेले नाहीत. पण बारकाईने पाहिले तर तीन गोष्टी दिसतात. थट्टा चालीची होते, चाल करणाऱ्याच्या जन्माची होत नाही. ती दोन्ही बाजूंनी होते, आज तू मला, उद्या मी तुला. आणि समोरच्याचे हसू थांबले की तीही थांबते.

जिथे ही सीमा ओलांडली जाते तिथे काय करायचे हेही या छंदाला शिकावे लागले. ‘वॉरहॅमर ४०,०००’ चे काल्पनिक साम्राज्य हे द्वेषावर चालणारे, क्रूर आणि हुकूमशाही असे रंगवलेले आहे. ते उपहासासाठी आहे, आदर्श म्हणून नव्हे. पण जगात उपहास न कळणारे लोक असतात. २०२१ साली स्पेनमधील एका स्पर्धेत एक खेळाडू नाझी चिन्हे असलेले कपडे घालून आला. त्यावरून मोठा गदारोळ झाला. नोव्हेंबर २०२१ मध्ये कंपनीने जाहीर निवेदन काढले, की आमच्या कथेतले साम्राज्य द्वेषावर चालते, आम्ही चालत नाही, आणि द्वेष पसरवणाऱ्या संघटनांची चिन्हे मिरवणाऱ्याला आमच्या कार्यक्रमांतून बाहेर काढले जाईल. ‘गंमत म्हणून घातले होते’ ही सबब तिथे ऐकली जाणार नाही असा त्याचा अर्थ. धंदा करणाऱ्या कंपनीलाही हे उमगले, की एका माणसाच्या अशा गमतीने दुसऱ्याची टेबलापाशी बसण्याची जागाच जाते.

‘अहो, गंमत केली!’

आता आपल्या कचेऱ्यांकडे या. आम्ही ज्या कचेरीत पहिल्यांदा नोकरीस लागलो तिथे बढतीची यादी लागली की एक ठरलेला विनोद व्हायचा. ‘यांचे काय बाबा, हे सरकारचे जावई!’ सगळे हसायचे. आपला माणूस गप्प राहिला तर ‘खजील झाला’, उत्तर दिले तर ‘यांना विनोद कळत नाही, लगेच जात काढतात’. आणि वर पालुपद, ‘अहो, गंमत केली, मनाला लावून घेऊ नका.’

त्या टेबलावरच्या तीन कसोट्या इथे लावून पाहा. ही थट्टा कामाची होती काय? नाही, जन्माची होती. ती दोन्ही बाजूंनी चालत होती काय? नाही. तो विनोद करणाऱ्याच्या हाती गोपनीय अहवाल होता आणि ऐकणाऱ्याच्या हाती फक्त फाईल. समोरच्याचे हसू थांबल्यावर ती थांबत होती काय? उलट, तेव्हाच तिला रंग चढत होता. म्हणून ती थट्टाच नव्हती. दोघांचे गुण समान नसताना, एकाच्या बाजूला हजारो वर्षांची फौज आणि दुसऱ्याच्या बाजूला कालपरवा मिळालेली एक खुर्ची असताना केलेला विनोद हा हल्ला असतो, फक्त त्याला चिलखत विनोदाचे असते.

परंतु बोट दुसऱ्याकडे दाखवून थांबणे आपल्याला शोभणार नाही. आपल्या घरात काय चालते? पत्नीच्या शिक्षणावरून पाहुण्यांसमोर विनोद करणारे पती आपल्यात नाहीत काय? सावळ्या मुलीला ‘काळी’ म्हणून हाक मारणाऱ्या आत्या-मावश्या नाहीत काय? शहरात फ्लॅट घेतलेला भाऊ झोपडपट्टीतल्या भावाच्या बोलीची नक्कल करतो, तेव्हा बाकीचे हसत नाहीत काय? आणि पोटजातींवरून चाललेली कुजबुज? यांनाही त्याच तीन कसोट्या लावाव्यात. ज्या घरात लहान मूल वडिलांची थट्टा करू शकते आणि वडील हसतात, तिथे वडिलांनी मुलाची केलेली थट्टा गोड लागते. जिथे ते शक्य नाही, तिथे ती सत्ता असते.

तथागतांचा सिगालाला उपदेश

खेळाबद्दल तथागत भगवान बुद्धांचे मत काय होते असे कुणी विचारील. ब्रह्मजाल सुत्तात आठ आणि दहा घरांच्या पटावरच्या खेळांचा उल्लेख आहे आणि अशा खेळांत श्रमण गौतम रमत नाहीत असे सांगितले आहे. तो नियम भिक्खूंसाठी. गृहस्थांसाठी सिगालोवाद सुत्त पाहावे. राजगृहाला सिगाल नावाच्या तरुणाला तथागतांनी धननाशाची सहा द्वारे सांगितली, त्यांत जुगार आहे. जुगारात जिंकणारा वैर मिळवतो, हरणारा गेलेल्या धनासाठी झुरतो, त्याच्या शब्दाला सभेत किंमत राहत नाही आणि त्याला कुणी मुलगी देत नाही, अशी कारणे दिली आहेत. म्हणून फासे हातात घेताना पैसा लावायचा नाही, ही पहिली अट.

त्याच सुत्तात मित्रांची पारख दिली आहे. उपकार करणारा, सुखदुःखात सारखा राहणारा, हिताची गोष्ट सांगणारा आणि अनुकंपा असणारा असे चार खरे मित्र. तोंडावर स्तुती आणि पाठीमागे निंदा करणारा तो मित्राचे सोंग घेतलेला. आम्हाला वाटते, टेबलावरचा चांगला प्रतिस्पर्धी याच्या नेमके उलट करतो. तोंडावर टिंगल करतो आणि पाठीमागे सांगतो, ‘काय सुंदर खेळला तो!’

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी सांगितले, की बंधुता नसेल तर समता आणि स्वातंत्र्य यांची खोली रंगाच्या थरापेक्षा अधिक असणार नाही. सैनिक रंगवणाऱ्यांना हे चांगले समजेल. खालचे अस्तर नीट बसले नाही तर वरचा सुंदर रंग पहिल्याच हाताळणीत निघून येतो. कायद्याने दिलेली समता हा वरचा रंग, आणि एकमेकांशी बरोबरीने हसता येणे हे त्याखालचे अस्तर.

मुलांना हा खेळ द्यावा काय?

शंका रास्त आहे. आपले पूर्वज खरोखरचे सैनिक होते. भीमा कोरेगावच्या स्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची जी नावे कोरली आहेत, त्यांत ‘नाक’ हा प्रत्यय असलेली आपली नावे आहेत. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तिथे मानवंदना देण्यास गेले. स्वतः बाबासाहेब सुभेदार रामजींचे पुत्र. ती माणसे संध्याकाळी पेटीत परत गेली नाहीत. टेबलावरचे सैनिक जातात.

याच फरकाची जाणीव हा खेळ करून देतो असे वेल्स यांचे म्हणणे होते. लहान युद्ध तीन-चार वेळा खेळला तरी कळते, की खरे युद्ध किती गोंधळाचे आणि आवाक्याबाहेरचे असते, असा त्यांच्या पुस्तकाचा शेवट आहे. जगाने ते ऐकले नाही. पुढच्याच वर्षी, १९१४ साली, पहिले महायुद्ध पेटले. त्याच्या बावीस शतके आधी सम्राट अशोकाने कलिंग युद्धाविषयीच्या शिलालेखात हिशेब लिहून ठेवला होता. दीड लाख लोक हद्दपार, एक लाख ठार आणि त्याहून कितीतरी अधिक मृत. जिंकलेल्या राजाने स्वतःच्या विजयाचा असा खर्च दगडावर कोरून पश्चात्ताप व्यक्त करावा, याला इतिहासात तोड नाही. मुलांनी टेबलावर लढाई खेळावी आणि खेळ संपल्यावर पडलेल्या तुकड्या मोजताना त्यांना अशोकाचा हा हिशेब सांगावा, असे आम्ही सुचवतो.

घरी करून पाहा

महागडे सैनिक घेण्याची गरज नाही. आम्ही विहारातल्या रविवारच्या वर्गात मिठाईच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून हा खेळ करून पाहिला. मुलांसाठी केलेले सोपे नियम असे:

१. प्रत्येकी बारा पुठ्ठे. सहा पायदळ, तीन घोडदळ, दोन हलके पायदळ, एक हत्ती. चित्रे मुलांनीच काढावीत. पुस्तके ठेवून टेकड्या कराव्यात.

२. पाळीला ल्युडोचा एक फासा टाकावा. जितके दान तितके आदेश. चिकटून उभी असलेली रांग एका आदेशात सरकते.

३. आगपेटीची काडी हे माप. पायदळ दोन काड्या, हलके पायदळ व हत्ती तीन, घोडदळ चार.

४. झुंजीत दोघांनी फासा टाकून बळ मिळवावे. पायदळ व हत्ती चार, घोडदळ तीन, हलके पायदळ दोन. बगलेला शत्रू असेल तर एक वजा. कमी बेरीज असणारा एक काडी मागे हटतो. समोरच्याची बेरीज दुप्पट किंवा अधिक असेल, अथवा हटणाऱ्याच्या बगलेला शत्रू असेल, तर तो बाद. हत्तीकडून हरलेले घोडदळ बाद, हलक्या पायदळाकडून हरलेला हत्ती बाद.

५. ज्याच्या चार तुकड्या आधी जातील तो हरला.

६. थट्टा मनसोक्त करावी, पण चालीची. जात, रंग, शरीर, परीक्षेचे गुण किंवा आईवडील यांवर जो बोलेल त्याचा पुढच्या पाळीतला एक आदेश कमी.

७. दुसऱ्या डावात बाजू बदलाव्यात. पहिल्याने दुसऱ्याचे सैन्य घ्यावे, दुसऱ्याने पहिल्याचे.

सहावा नियम आम्ही घातला तेव्हा मुले कुरकुरली. पण गंमत अशी झाली, की जन्मावरून बोलायची वाट बंद होताच त्यांची जीभ अधिक तल्लख झाली. ‘तुझा हत्ती उभा राहून झोपतो काय रे?’ ‘ताई, तुझे घोडदळ रजेवर गेले की संपावर?’ सातवीतल्या एका मुलीने दोन हलक्या तुकड्यांनी मोठ्या मुलाचा हत्ती बाद केला, तेव्हा सर्वांत मोठ्याने तोच हसला.

आणि सातवा नियम तर आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो. बाजू बदलली की कळते, समोरच्याचे सैन्य दिसत होते तितके सोपे नव्हते आणि त्याच्या अडचणी आपल्याला दिसत नव्हत्या. ज्या देशात हजारो वर्षे काही माणसांनी एकच बाजू घेऊन खेळ मांडला आणि दुसऱ्यांना कधी फासाच टाकू दिला नाही, त्या देशातल्या मुलांना बाजू बदलायची सवय लहानपणापासून लागावी. तुमच्या घरी, विहारात, बालसंस्कार वर्गात हा खेळ अवश्य करून पाहावा आणि मुलांनी काय काय टोमणे शोधून काढले ते आम्हाला कळवावे. जय भीम!